गारांच्या वर्षीच्या कुरडया

परवा जिना चढताना पहिल्या मजल्यावर भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले. कुणाच्या तरी घरी कुरडयांचा घाट घातलेला दिसत होता. हा वास माहीत नसलेल्या माणसाला वाटेल, घरात काहीतरी नासलंय. माहीत असलेल्याला मात्र तो वास कुठल्या कुठे नेतो. मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि कठड्याला धरून उभा राहिलो. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "काका, दम लागला का?" मी म्हटलं, "हो." खरं कारण सांगण्याइतकी आमची ओळख नव्हती.

सध्या रोज दुपारी आभाळ भरून येतं, थोडा वेळ धमकावतं आणि निघून जातं. सगळे म्हणतात, एकदाचा पडून का जात नाही, निदान गारवा तरी येईल. मी खिडक्या लावून घेतो. पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचं, मुक्ताचं लग्न आहे, तेव्हा लोकांना वाटतं की मला मांडवाची काळजी. मांडव कसला, एसी हॉल आहे. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पत्र्यावर पहिला टण् असा आवाज झाला तर मी काय करीन, याची.

आमची सोसायटी कर्वेनगरातली, जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. गच्ची मात्र ऐसपैस. उन्हाळा लागला की तिथल्या जागेवरून असं राजकारण चालतं की महापालिकेने येऊन शिकावं. टाकीच्या सावलीत कुणाचं वाळवण, कपड्यांच्या दोऱ्यांखाली कुणाचं, कबुतरं बसतात त्या बाजूला कुणी जायचं. गच्चीच्या दारावर आमच्या सेक्रेटरींनी पाटी लावून ठेवली आहे: 'वाळवण घालणाऱ्यांनी कावळे स्वतः हाकलावेत. सोसायटी कावळ्यांना जबाबदार नाही.' नीला ती दरवर्षी नव्याने वाचल्यासारखी वाचायची आणि म्हणायची, "कावळ्यांचं बघू आम्ही. सेक्रेटरींना कुणी हाकलायचं ते लिहा."

नीला माझी बायको. मी कारखान्यात ड्रॉइंग विभागात आयुष्य काढलं, सरळ रेघा मारल्या आणि सरळ बोललो. तिला मात्र वाकडं बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि तिच्या वाकड्या बोलण्यात जेवढी माया असायची तेवढी मला सरळ बोलून कधी दाखवता आली नाही. भाजीवाल्याला म्हणायची, "कोथिंबीर देताय की औषधाची पुडी?" तो बिचारा हसून आणखी एक काडी टाकायचा. आता त्याच्याकडे मी जातो. तो न मागता मूठभर कोथिंबीर घालतो. मला ते सहन होत नाही.

गेल्या वर्षी फाल्गुनात तिचा आजार उलटला. एकदा बरा झाला म्हणून पेढे वाटलेला आजार. पुन्हा केमो सुरू झाली. केस गेले, हातापायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, आणि तोंड असं सोलून निघालं की साधा वरणभातसुद्धा तिला तिखट लागायचा. घोटभर पाणी पितानाही ती डोळे मिटून घ्यायची. मी समोर बसलेला असलो की म्हणायची, "बघू नका हो असे. पाणी पितेय, विष नाही."

त्याच दिवसांत मुक्ताचं लग्न ठरलं. मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला. मुलाकडची माणसं साधी, काही नको म्हणणारी. पण नीलाने त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "रुखवत मी करणार. माझ्या हाताने. रंगीत कुरडया, पांढऱ्या कुरडया, सगळं."

मी म्हटलं, "अगं, आता रुखवत तयार मिळतं. भाड्यानेसुद्धा मिळतं."

"नवरामुलगाही भाड्याने आणा मग," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "मी मार्गशीर्षापर्यंत नसेन. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मांडवात माझं काहीतरी असू दे."

"काहीतरीच बोलू नकोस."

"काहीतरीच नाही. रिपोर्ट इंग्रजीत आहे, मी मराठीत वाचला एवढंच."

एवढं बोलून ती उठली आणि गहू निवडायला ताट घेऊन बसली. त्या उन्हाळ्यात तिला एवढीच एक गोष्ट हवी होती. लेकीच्या लग्नात आपल्या हातची कुरडई मांडलेली असावी. जगण्याबद्दल तिने कधी काही मागितलं नाही. कुरडयांबद्दल मात्र हट्ट केला.

कुरडईचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक आहे, ते एकदा सुरू केलं की तुमच्या हातात राहत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, पिळायचे, चोथा बाजूला काढायचा. पांढरंशुभ्र दूध भांड्यात रात्रभर ठेवलं की चीक खाली बसतो आणि वर निवळ राहते. सकाळी निवळ ओतून द्यायची आणि चीक शिजवायचा, तोही त्याच सकाळी. उद्या बघू म्हणालात की चीक आंबला, रंग गेला, कुरडई काळी पडली. पापड थांबतात, सांडगे थांबतात. चीक थांबत नाही.

या कामात तिची जोडीदार वरच्या मजल्यावरची शबाना. शबानाच्या नवऱ्याचं मंडईजवळ दुकान आहे, ताडपत्र्या, दोऱ्या आणि प्लॅस्टिकच्या कागदांचं, त्याच्या आजोबांपासूनचं. त्यामुळे गच्चीवर अंथरायला लांबरुंद कागद दरवर्षी तिच्याकडून यायचा. तिच्या शेवयांना नीला आणि नीलाच्या कुरडयांना ती, असा त्यांचा बिनबोलाचा करार होता. दोघी एकमेकींच्या कामात चुका काढायच्या आणि तिसऱ्या कुणी काढली तर त्याच्यावर तुटून पडायच्या. नीलाचा आजार कळल्यावर शबाना एकदाच आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली होती. नीलाने तिच्या हातात कांदा दिला होता, "रडतेच आहेस तर चिरून टाक."

त्या सकाळी चीक शिजायला ठेवला आणि मुक्ताचा हिंजवडीहून फोन आला. त्या दिवशी ती लवकर ऑफिसला गेली होती. "बाबा, अलर्ट आलाय. दुपारी थंडरस्टॉर्म आणि गारा. प्लीज, आज गच्चीवर काही घालू नका."

मी फोन नीलाकडे दिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाऊस सांगितलाय ना? मग आज कडकडीत ऊन पडणार. घालतो आम्ही."

हसलो आम्ही सगळेच. शबाना हसली, मी हसलो, फोनवर मुक्तासुद्धा हसली. आमच्या पुण्यात ही पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे. पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची आणि ऊन सांगितलं की रेनकोट काढायचा. वडिलांनी आम्हाला शिकवलं, आम्ही मुलांना शिकवलं. देवावर विश्वास नसलेले लोकही यावर विश्वास ठेवतात. आता अंदाज बरेचदा खरे ठरतात, पण विनोद जुना आहे आणि आम्हाला तो सोडवत नाही. त्यातून गॅसवर चीक रटरटत होता. तो हवामानाचं ऐकणारा नव्हताच.

शबाना ढवळत होती. नीला स्टुलावर बसून नुसता वास घेऊन सांगत होती, हिंग कमी आहे, मीठ बरोबर आहे, अजून पारदर्शक झालेला नाही. चव घेणं तिला शक्य नव्हतं. नीलाने मला वाटीत गरम चीक आणि वर कच्चं तेल दिलं. दरवर्षी पहिली वाटी माझी. मी खाताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "कसा झालाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "चांगला." "चांगला काय, नीट सांगा. मला खाता येत नाहीये, निदान कानाने तरी खाऊ दे." मी मग बराच वेळ वर्णन केलं. मला वर्णन करता येत नाही. तरी ती डोळे मिटून ऐकत होती.

डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलेली होती. ती चढली. प्रत्येक वळणावर थांबून, माझा दंड धरून चढली. पांढऱ्या कुरडया आम्ही घातल्या, पण रुखवताच्या रंगीत तिने कुणाला घालू दिल्या नाहीत. गुलाबी आणि हिरव्या, छोट्या, बशीएवढ्या. बोटांत जोर नव्हता. दोन्ही हातांनी सोऱ्याचा दांडा फिरवायची आणि सोऱ्या खालून शबाना धरायची. प्रत्येक कुरडईचा शेवटचा धागा ती बोटाने आत मुडपायची, शेपटी दिसता कामा नये म्हणून. ऊन चढत गेलं. मी म्हणत होतो, पुरे आता. ती म्हणत होती, एवढीच एक ओळ. अशा कितीतरी ओळी झाल्या. शेवटी ती मागे सरकून बसली, कपाळावरचा घाम स्कार्फने टिपला आणि त्या गुलाबी-हिरव्या रांगांकडे बघून म्हणाली, "झालं. आता माझी काही तक्रार नाही."

तो चेहरा मला रोज दिसतो. नंतरचे बरेच चेहरे विसरलो, मुद्दाम विसरलो, पण हा राहिला आहे.

दुपारी ती खाली झोपली होती आणि मी टाकीच्या सावलीत कावळे हाकलत बसलो होतो. चारच्या सुमारास सिंहगडाच्या बाजूला अंधारलं. मी बघितलं आणि पुन्हा कावळ्यांकडे वळलो. उन्हाळ्यात असं अंधारतंच. मग वारा एकदम पडला. कडुनिंबाचं पानही हलेना. कावळे मी न हाकलता निघून गेले. आभाळ काळंसुद्धा नव्हतं, हिरवट जांभळं झालं होतं, मार लागल्यावर कातडीला येतो तसल्या रंगाचं. आणि पाण्याच्या टाकीवर टण् असा आवाज झाला. मला वाटलं, कुणी दगड मारला.

लहानपणी नारायण पेठेत गारा पडल्या की आम्ही चड्डी-बनियनवर रस्त्यात पळायचो. डोक्यावर पाट धरून पळायचो. आई वरून ओरडायची आणि ओरडता ओरडता पातेलंही खाली द्यायची, वेचून आणा म्हणून. गारांचं सरबत व्हायचं. सरबतात माती असायची, तरी त्याच्यासारखं सरबत पुन्हा प्यायलो नाही. गार म्हणजे आमच्यासाठी आभाळाने फुकट दिलेला खाऊ होता. त्या दिवसापर्यंत मला गारांची भीती कधी वाटली नव्हती. पहिल्या गारेचा आवाज ऐकून, खोटं कशाला बोलू, क्षणभर आनंदच झाला होता.

मग त्या कोसळल्या. मी शबानाला हाक मारली, ती आधीच धावत येत होती. कुरडया वरून वाळल्या होत्या, खालून ओल्या, कागदाला चिकटलेल्या. उचलाव्या तर मोडणार. आम्ही सगळा कागदच दोन्ही टोकांना धरून जिन्याच्या दाराकडे ओढायला लागलो. वाऱ्याने तो मधूनच उचलला आणि माझ्या हातातलं टोक सुटलं. गारा आधी सुपारीएवढ्या होत्या, मग लिंबाएवढ्या झाल्या. पाठीवर, डोक्यावर, हाताच्या हाडांवर बसत होत्या. शबाना ओरडली, "दादा, आत चला, डोकं फुटेल." तिने मला अक्षरशः ओढून दारात घेतलं. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं आणि ते तिला माहीत नव्हतं.

दारात नीला उभी होती.

कशी चढून आली देव जाणे. गाऊन, डोक्याला स्कार्फ, पाय अनवाणी, आणि भिंतीला टेकून धापा टाकत होती. तिच्यासमोर गारा तिच्या कुरडयांवर पडत होत्या. प्रत्येक गारेसरशी एक कुरडई फुटत होती. गुलाबी तुकडे उडून हिरव्यांत पडत होते, पाण्यात रंग सुटून वाहत होता. सोलरच्या काचा तडकत होत्या, खाली गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि आम्ही तिघं दारात उभे होतो. मला तिच्याकडे बघण्याचा धीर होत नव्हता. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा. मी मनातल्या मनात देवाला विचारत होतो, एवढंही नाही? हिला एवढंही द्यायचं नाही तुला?

एक गार उडून दारातून आत आली आणि तिच्या पायाशी घरंगळली. नीला हळूच वाकली, ती उचलली, गाऊनला पुसली आणि तोंडात टाकली.

मी घाबरून म्हटलं, "अगं, घाण असते ती."

तिने हात वर करून मला गप्प केलं. डोळे मिटले. तिच्या कपाळावरच्या आठ्या, ज्या मी कित्येक आठवडे बघत होतो, त्या एकेक करून गेल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अहो, आग थांबली."

मग डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ते कुरडयांसाठी होतं की आग थांबली म्हणून, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. वादळाचा जोर ओसरल्यावर चिकाचं रिकामं पातेलं घेऊन मी गच्चीवर गेलो आणि त्या चिखलातून तिच्यासाठी चांगल्या, मोठ्या, स्वच्छ दिसणाऱ्या गारा वेचल्या. म्हातारा माणूस, कोपरं सुजलेली, पायाखाली बायकोच्या कुरडया आणि मी गारा वेचतोय. मागून ती म्हणाली, "ती कोपऱ्यातली राहिली."

संध्याकाळी मुक्ता आली आणि आम्हा दोघांवर खूप चिडली. "इन्फेक्शन झालं असतं तर? ब्लड काउंट्स किती लो आहेत तिचे, बाबा, तू असा कसा रे?" तिचं बरोबरच होतं. सुदैवाने इन्फेक्शन वगैरे काही झालं नाही. मुक्ताने त्या दिवसापासून उकळलेल्या पाण्याचा बर्फ करायला सुरुवात केली आणि बर्फाने आईचं तोंड निवतं हे आम्हाला तेव्हा समजलं. इतके डॉक्टर, इतक्या गोळ्या, आणि ते आम्हाला गारांनी शिकवलं. पण नीला बर्फाचा खडा चघळून म्हणायची, "ठीक आहे. गारांची सर नाही."

त्या संध्याकाळची गल्ली मला आठवते. झाडं पार ओरबाडली गेली होती आणि चेचलेल्या पानांचा कडू हिरवा वास सगळीकडे भरला होता. पावसाचा वास वेगळा, हा वेगळा. हिरवी पानं तुडवत चालावं लागत होतं, आणि त्या पानांत अधूनमधून एखादा पोपट पडलेला असायचा, पानांच्याच रंगाचा, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसायचा नाही. लोक फुटलेल्या काचांचे फोटो काढत होते. समोरच्या बंगल्यातला आंबा झोडपून निघाला होता आणि खाली कैऱ्यांचा खच. अर्ध्या तासात सगळ्या कैऱ्या वेचून झाल्या. संकट संकटाच्या जागी, लोणचं लोणच्याच्या.

गच्चीवर गोळा केलेला कुरडयांचा ओला लगदा टाकून द्यायचा, असं मी ठरवलं होतं. त्यात पानं होती, काड्या होत्या, गच्चीची खरड होती. रंग एकमेकांत उतरून सगळ्याला कसलासा मातकट जांभळट रंग आला होता. शबाना पाटीत भरून खाली घेऊन आली तेव्हा कपाळाला पट्टी होती. म्हणाली, "ताई, टाकायचं ना हे?"

"टाकायचं?" नीला म्हणाली. "चुरा झाला म्हणून काय झालं? कुरडईच आहे ती. चादर अंथर."

पुढचे कित्येक दिवस ती पलंगाशेजारी चादरीवर तो चुरा पसरून बसायची. वर पंखा, बाल्कनीतून येईल तेवढं ऊन. एकेक पान काढायची, एकेक काडी काढायची. बोटांना स्पर्श कळत नव्हता, म्हणून डोळ्यांशी नेऊन बघायची. मी मदतीला बसलो तर हाकलून द्यायची, तुम्हाला कुरडई आणि काडी यातला फरक कळत नाही म्हणून. दमली की तिथेच आडवी व्हायची, उठली की पुन्हा सुरू. हे तिचं शेवटचं काम. कुरकुरीत वाळल्यावर तिने तो स्टीलच्या डब्यात भरला आणि झाकण माझ्याकडून घट्ट लावून घेतलं.

"रुखवतात मांडायच्या लायकीच्या काही राहिल्या नाहीत," ती म्हणाली. "भाजी छान होते याची. मुक्ताला करून घाला. नजर गेलीय माझी, एखादा खडा राहिलाच असेल. दाताखाली आला तर मला शिव्या द्या, सोडू नका."

श्रावणात ती गेली. बाहेर साधा, शहाण्यासारखा पाऊस पडत होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मार्गशीर्षात लग्न करायला आमच्यापैकी कुणाचं मन धजेना, ते पुढे ढकलावं लागलं. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत शुभकार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मला हे असलं काही पटत नाही, पण नीला आधीच बजावून गेली होती, "माझ्यापायी पोरीला तीन वर्षं ताटकळत ठेवू नका. वर्षाच्या आत उरका." म्हणून आता, या वैशाखात. तिच्याशिवाय आलेल्या पहिल्याच वैशाखात.

डबा वर्षभर माळ्यावर होता. मी तो कुणाला काढू दिला नाही. कधीतरी घरात कुणी नसलं की मी काढायचो, हलवून बघायचो, आतून खुळखुळ आवाज यायचा, आणि परत ठेवायचो. झाकण उघडलं नाही. उघडलं तर तिच्या हातचं काहीतरी उडून जाईल, असं वाटायचं. वेडेपणा आहे, मला कळतं.

काल जेवायच्या आधी मुक्ताने स्टूल घेतलं आणि डबा खाली काढला. शबाना आलेली होती, तयार रुखवत कुठून आणायचं ते ठरवायला. मी म्हटलं, "बरं झालं काढलास. काचेच्या बरणीत भर आणि रुखवतात मधोमध मांड. आईचं आहे म्हणून."

"नाही, बाबा," मुक्ता म्हणाली. "लोक विचारणार, हे काय. मग मी सांगणार, मग मी रडणार. आणि आईला चुरा मांडलेला आवडला असता का? तिला कुरडईची शेपटी दिसलेली चालायची नाही. हे तिने खायला ठेवलंय."

"खाल्लं की संपेल," मी म्हणालो.

तिने डबा ओट्यावर ठेवला, माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. "आणि नाही खाल्लं तर किडे लागतील रे. मग काय करशील?"

नीलाचीच मुलगी ती. शबाना तोंड फिरवून कांदा चिरायला लागली होती, कुणी न सांगता.

झाकण निघेना. नीलाने माझ्याकडूनच घट्ट लावून घेतलेलं. शेवटी मीच उघडलं. आतून हिंगाचा वास आला, आणि त्याच्या मागे अगदी पुसटसा चेचलेल्या पानांचा. मुक्ताने चुरा गरम पाण्यात भिजवला, पिळला, मोहरीची फोडणी दिली, कांदा, हिरवी मिरची, वरून मूठभर कोथिंबीर. तिघांनी पानं घेतली. पहिला घास मुक्ताने घेतला आणि ती खाली बघून बराच वेळ चावत राहिली. "कशी झालीय?" मी विचारलं. "चांगली," ती म्हणाली. मी म्हटलं, "चांगली काय, नीट सांग." ती सांगायला गेली आणि तिला रडू फुटलं. शबानाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. खिडकी लावायला मी उठलो नाही. मी घास घेतला. मऊ, किंचित आंबूस, हिंगाचा वास असलेली भाजी. दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला दाताखाली कचकन खडा आला.

नीलाने सांगून ठेवलं होतं, शिव्या द्या, सोडू नका. मी तोंडात खडा धरून बसलो आणि खूप आठवून पाहिलं. तिला देता येईल अशी एकही शिवी मला सुचली नाही. खडा मी गिळून टाकला आणि मुक्तापुढे ताट धरून म्हटलं, "आणखी वाढ."